घरात आधी चांगली शिडी आणा, ग्राइंडरचं नंतर बघू

दिवाळीची साफसफाई जवळ आली की सेलमधून ड्रिल येतं, ग्राइंडर (लोखंड-फरशी कापायचं हातातलं चकतीचं मशीन) येतो, शिडी मात्र कुणी मागवत नाही. पंखा पुसायला दिवाणावर स्टूल, स्टुलावर डबा. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी शिडी, मग ड्रिल, आणि चार इंची ग्राइंडर बहुतेक घरांत नसलेलाच बरा.

त्याची चकती मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी २०० किलोमीटरच्या वेगानं पळते. कापताना फट आवळली किंवा हात जरा तिरका झाला की चकती अडकते आणि मशीन झटक्यात तुमच्याकडे उसळतं. त्या वेळी मधे असतो तो फक्त गार्ड, म्हणजे चकतीवरचं अर्धगोल झाकण. नेमका तोच लोक काढून ठेवतात, कारण पाच इंची चकती लावायची असते. चार इंचीचं भोक १६ मिमी, पाच इंचीचं साधारण २२. मोठं भोक वॉशर घालून जुळवलं की चकती मध्यावर बसत नाही, थरथरते आणि फुटते. लाकूड कापायला ग्राइंडरवर दातेरी पातं लावणं हा तर शुद्ध वेडेपणा. काही सुतारही लावतात, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

तरी वापरणारच असाल तर चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली मुदत बघा. टवका उडालेली किंवा ओलाव्यात राहिलेली चकती फेकून द्या. नवी लावल्यावर अंगापासून दूर धरून अर्धा मिनिट मोकळी फिरवा. नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूनं बंद असलेला गॉगल हवा. आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे हमखास घडते: काम चालू असताना वीज जाते, सरकत्या बटणाचं मशीन तसंच ‘चालू’वर राहतं आणि वीज आली की जमिनीवर आपोआप फिरू लागतं. वीज गेली की आधी प्लग काढायचा. चकती बदलतानाही तेच.

ड्रिल त्या मानानं गरीब प्राणी. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. बाथरूमच्या भिंतीत नळाच्या रेषेतही नको. ६ मिमीच्या गिट्टीला (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात ती) ६ मिमीचं बिट घ्या, आणि गिट्टीच्या लांबीपेक्षा ५ मिमी जास्त खोलीवर बिटाला चिकटपट्टी गुंडाळा. बीममध्ये सळई लागली तर बिट अडकून मनगट पिरगळतं, म्हणून बाजूचा दांडा लावलेला असू द्या. सुती हातमोजे, ओढणी, सैल बाही फिरत्या भागाजवळ नकोत.

आता शिडी. घडीची शिडी पूर्ण उघडून, अडकण लावूनच चढा. ती मिटून भिंतीला टेकवली तर पाय रबराच्या नुसत्या कडेवर उभे राहतात आणि फरशीवर सटकतात. सरळ शिडी १२ फुटांवर टेकत असेल तर तिचे पाय भिंतीपासून ३ फूट लांब हवेत. जवळ ठेवली तर ती मागे कलंडते, फार लांब ठेवली तर पाय निसटतात. गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या वर ३ फूट आलेली हवी. सगळ्यात वरच्या पायऱ्यांवर उभं राहू नका, आणि पोट दोन दांड्यांच्या बाहेर जाईल इतकं वाकू नका. खाली उतरून शिडी सरकवायचा कंटाळा हेच पडण्याचं नेहमीचं कारण. डोक्यावर ड्रिल धरायचं तर दोन्ही हात अडकतात, त्यासाठी वर रुंद पाट आणि पुढे कठडा असलेली शिडी घ्या.

पंख्याच्या वायरला हात लावायचा असेल तर ॲल्युमिनियमची शिडी नको, लाकडी किंवा फायबरची हवी. भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, कारण कधी कधी बटण न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरवर, जोडलेलं निघतं आणि ते बंद असूनही पंख्याच्या वायरीत वीज राहते. मेन बंद करा, इन्व्हर्टरही बंद करा. मेन पाडलं तरी इन्व्हर्टर पंख्याच्या वायरला वीज देत राहतो आणि हे विसरणारे फार. मग टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये तपासून घ्या आणि नंतर वायरला लावा. एमसीबी (जास्त भार आला की पडणारा खटका) वायर वाचवतो, माणसाला वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा खटका) लागतो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही पडला नाही तर वायरमनला त्याच दिवशी बोलवा.