फुकटची गोळी आणि नॉमिनीचा रकाना

अण्णांनी सुरुवातच 'गिनिपिग' या शब्दानं केली. ट्रायलसाठी, म्हणजे नवी औषधं माणसांवर तपासून बघणाऱ्या अभ्यासासाठी, रुग्ण हवेत अशी ती जाहिरात सगळ्यांनीच पाहिलेली होती. डायबेटिस, दमा, सोरायसिस, मायग्रेन, गुडघे, सगळे आजार एकाच पानावर आणि खाली ठळक अक्षरांत 'तपासण्या व औषधे मोफत'. कर्वेनगरच्या अमृततुल्यासमोर त्या संध्याकाळी दुसरा विषय निघणं शक्य नव्हतं, कारण विकासनं आपल्या मामांचं नाव तिथं नोंदवूनसुद्धा टाकलं होतं.

"नोंदवलं म्हणजे नेमकं काय केलंस?" नंदानं विचारलं. नंदा ट्रायलची कोऑर्डिनेटर आहे. या विषयात आमच्यापैकी तिलाच खरं कळतं, आणि मी तिच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो.

"फोन केला. वय ६७, शुगर, मेटफॉर्मिनची गोळी चालू, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ८.४. ते म्हणाले, सोमवारी उपाशीपोटी घेऊन या, रक्त काढू."

"आणि सही?"

"कसली सही?"

"घ्या! अरे, आधी माहितीपत्रक, मग संमतीपत्र, मग सुई. स्क्रीनिंगचं, म्हणजे निवडीच्या तपासणीचं, रक्तसुद्धा सहीच्या आधी काढता येत नाही. पानं बरीच असतात. मराठीतली प्रत माग. पानावर व्हर्जन नंबर आणि तारीख बघ, सहभागी लोकांच्या हिताकडे बघणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी त्याच व्हर्जनला आहे का विचार. घरी नेऊन वाचतो म्हण. आत्ताच्या आत्ता सही करा म्हणाले तर मामांना तिथून उठवून आण. सहीखालची तारीख मामांनी स्वतःच्या हातानं घालायची, डॉक्टरनं आपली वेगळी घालायची. आणि सह्या झालेली एक प्रत आपल्या पिशवीत आली पाहिजे."

"आणि वाचता येत नसेल तर?" भोसल्यांनी विचारलं.

"तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. त्याच्यासमोर सगळं वाचून दाखवायचं, मग अंगठा. तिथलाच वॉर्डबॉय साक्षीला उभा केला तर तो त्रयस्थ कसला?"

अण्णांना एवढा वेळ गप्प बसवत नाही. "कागद, कागद! त्या कागदावर नॉमिनीचं नाव का विचारतात ते सांग ना. माणूस जाणार हे त्यांना ठाऊकच असतं!"

हा रकाना बघून पुष्कळ लोक घाबरतात, हे नंदानंही मान्य केलं. संमतीपत्रात वय, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनी हे सगळं लिहून घेतात. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला द्यायची, यासाठी तो रकाना आहे. "तो रकाना नसेल तर घाबरा," ती म्हणाली. "२०१९ च्या नियमांत भरपाईचं सूत्रच दिलंय. मोहसीन, काढ मोबाइल. मूळ रक्कम ८ लाख, गुणिले वयाचा आकडा, गुणिले जोखमीचा आकडा, भागिले ९९.३७."

मोहसीनचं औषधाचं दुकान आहे, आकडेमोडीत हात चांगला चालतो. वय ६५ किंवा जास्त असेल तर वयाचा आकडाही ९९.३७ च. म्हणजे तो भागाकारात उडाला, आणि उरलं ८ लाख गुणिले जोखीम. सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची आशा नसलेल्या रुग्णाला ०.५, पूर्ण निरोगी माणसाला ४. मामा सौम्य जोखमीत धरले तर ३.

"चोवीस लाख," मोहसीन म्हणाला.

"मामींना सांगू नका रे कोणी," अण्णा म्हणाले, आणि पहिला हशा झाला.

नंदानं हसू दिलं आणि पुन्हा धागा पकडला. ही रक्कम मृत्यूचा संबंध ट्रायलशी असेल तरच मिळते. ट्रायल चालू असताना स्कूटरवरून पडलं तर नाही. दुखापत किंवा त्रास झाला तर मात्र त्याचा संबंध ट्रायलशी नाही हे सिद्ध होईपर्यंत उपचार फुकट करावे लागतात. गंभीर घटना कळली की डॉक्टरनं २४ तासांत केंद्रीय औषध नियंत्रकांना, स्पॉन्सरला (ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीला) आणि एथिक्स कमिटीला कळवायचं. "पण तुम्ही सेंटरला सांगितलंच नाही तर त्यांना कळणार कसं? रात्री दुसऱ्याच हॉस्पिटलात ॲडमिट होतात आणि आम्हाला पुढच्या व्हिजिटला कळतं. ते फोन नंबरचं कार्ड मामांच्या खिशात पाहिजे, कपाटात नाही."

"खम्मम विसरलीस?" अण्णांनी आवाज चढवला.

इथं अण्णांचा मुद्दा खरा होता आणि नंदानं तो खाली पडू दिला नाही. तेव्हा आंध्रात असलेल्या, आता तेलंगणातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या एचपीव्ही लशीच्या अभ्यासात वसतिगृहातल्या मुलींच्या कागदांवर वॉर्डननी सह्या केल्या होत्या. २०१० मध्ये तो अभ्यास थांबवला गेला, संसदेच्या समितीनं २०१३ मध्ये ताशेरे ओढले. "त्यानंतरच तर पकड आवळली. आता औषधाचा रेणू नवा असेल आणि सहभागी दुर्बल गटातला असेल तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. खम्मम मी विसरलेले नाही अण्णा, म्हणूनच मी याला सहीचं विचारलं. तुम्ही नुसते ओरडलात."

भोसले शिरूरकडचे. ते म्हणाले, "आमच्या वढूला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या लोकांनी बाळांच्या जुलाबावरच्या रोटाव्हायरस लशीची ट्रायल केली. दिल्ली, वढू आणि वेल्लोर मिळून ६,७९९ बाळं होती. ती लस आज सरकारी लसीकरणात फुकट देतात. आमची पोरं गिनिपिग होती म्हणायचं का अण्णा?"

अण्णा चहा फुंकत राहिले.

मग विकासनं खरा प्रश्न विचारला, जो त्यानं फोन करण्याआधी विचारायला हवा होता: मामांना साखरेची गोळी दिली तर? डायबेटिसवाल्याला साखरेची गोळी, यावर मोहसीनला इतकं हसू आलं की चहा सदऱ्यावर सांडला. डायबेटिसच्या ट्रायलमध्ये बहुतेक वेळा चालू औषध चालूच ठेवतात आणि त्यावर एकतर नवी गोळी किंवा प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, देतात. कोणाला काय मिळालं हे डॉक्टरलाही कळत नाही. शुगर ठरलेल्या आकड्यावर गेली की वेगळं औषध सुरू करायचं, हेही प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, लिहिलेलं असतं. तो आकडा किती, हे विचारूनच सही करायची. "आणि मेटफॉर्मिनचा डोस परवा बदलला असेल तर मामा स्क्रीन फेल, निवडीतच बाद. डोस आधीचे आठ-बारा आठवडे स्थिर लागतो. किडनी किती काम करते ते सांगणारा ईजीएफआर कमी आला तरी फेल. आजीबाईच्या बटव्यातला चूर्णाचा डबा लपवलात तर त्याहून वाईट, तेव्हा सगळा घ्या आणि टेबलावर ठेवा."

सर्वांत जास्त घोळ कुठं होतो, तर व्हिजिटच्या सकाळी. त्या दिवशी रक्त काढून झाल्यावर गोळी सेंटरवरच घ्यायची असते. लोक सवयीनं घरूनच घेऊन निघतात, वर कपभर चहा, आणि सगळं मुसळ केरात. रिकाम्या स्ट्रिपा कचऱ्यात टाकतात. त्या परत द्यायच्या असतात, मोजल्या जातात. बाकीच्या आजारांचं नंदानं उभ्या उभ्या सांगितलं. दम्याला स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे फुंकून श्वास मोजायच्या तपासणीच्या, आधी ठरलेले तास पंप घ्यायचा नाही. मायग्रेनला औषध सुरू होण्याआधीच काही आठवडे डोकेदुखीची डायरी रोज भरायची. सोरायसिसच्या इंजेक्शनांआधी टीबीची तपासणी, आणि आपल्याकडे सुप्त टीबीमुळे पुष्कळ जण तिथंच गळतात.

"एवढं सगळं करून चोवीस आठवड्यांनी ट्रायल संपली की काय?" मोहसीननं विचारलं. दुकानदाराला पुढच्या महिन्याची पट्टी दिसते.

"गोळी बंद. ट्रायलनंतर तेच औषध चालू ठेवायची तरतूद आहे, पण दुसरा इलाज उपलब्ध नसेल तेव्हा, आणि डॉक्टरची शिफारस व कमिटीची मंजुरी असेल तर. शुगरला इलाज पुष्कळ आहेत. म्हणून माझा राग त्या 'मोफत औषधे' या ओळीवर आहे. अभ्यास प्रश्नाचं उत्तर शोधायला असतो, मामांची शुगर उतरवायला नाही. उतरली तर आनंद आहे. ज्याला फुकट औषध हवंय म्हणून जायचंय, त्यानं जाऊ नये. ज्याला कळून-सवरून जायचंय, त्यानं जरूर जावं, आणि नको वाटलं तर मधेच निघावं. नेहमीचे उपचार त्यानं बंद होत नाहीत."

"डॉक्टरला पेशंटमागे पैसे मिळतात, ते सांग की!" अण्णा परत आले.

"मिळतात. करार असतो. म्हणून नेहमीचा डॉक्टर आणि ट्रायलचा डॉक्टर एकच असेल तर दुसऱ्या डॉक्टरला विचारून या. आणि सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, बघा. २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे, २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच करावी लागते. सेंटरचं नाव, कमिटीची मंजुरी, किती रुग्ण, कोणाला घेतात, कोणाला नाही, सगळं कोणालाही फुकट वाचता येतं. जाहिरातीवर नोंदणीचा नंबर नसेल तर फोनवर माग, विकास. अण्णा, तुमच्या गुडघ्याच्या ट्रायलचा नंबर काय होता?"

एकदम शांतता. हे प्रकरण अण्णांनी कट्ट्यावर कधी नीट सांगितलं नव्हतं.

"ती ट्रायल नव्हती. स्टेम सेल. पोटाची चरबी काढून तिथल्या तिथं गुडघ्यात. ॲडव्हान्स्ड आहे ते."

"सही कशावर केलीत?"

"पावतीवर."

"किती?"

"दीड लाख."

"म्हणजे जिथं नोंदणी, कमिटी, विमा, सगळं असतं आणि एक पैसा घेत नाहीत, तिथं माणूस गिनिपिग. आणि जिथं नंबर नाही, कागद नाही आणि दीड लाख मोजले, तिथं तुम्ही पेशंट?" नंदाचा आवाज चढला नव्हता. "ट्रायलचं औषध देऊन जो पैसे मागतो, त्याच्या दारातून परत फिरायचं. मामांनाही हेच सांग, विकास."

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी बाजू घेईना. "गुडघ्याचं जाऊ दे," ते म्हणाले, "चरबी तर निघाली ना? तेवढा तर फायदा झाला."

मोहसीननं अण्णांच्या पोटाकडे शांतपणे पाहिलं. "कुठली?"

भोसल्यांना ठसका लागला, नंदानं कपाळाला हात लावला, आणि अण्णांनी विषय बदलण्यासाठी विकासकडे गणपती मंडळाच्या मांडवाचा हिशेब मागितला. तो गेली तीन वर्षं मागतायत. मग त्यावरून जे जुंपलं ते अमृततुल्याचं शटर अर्ध्यावर आलं तरी चालूच होतं.