शापिरो घेतला असता तर हॅरिस जिंकल्या असत्या? जरा बेरीज करून बघा

२०२४ची निवडणूक होऊन गेली, ट्रम्प परत व्हाइट हाऊसमध्ये जाऊन बसले, तरी एक गोष्ट काही फिरायची थांबत नाही. कमला हॅरिसनी उपाध्यक्षपदासाठी मिनेसोटाचे टिम वॉल्झ घेतले तिथेच खेळ संपला, पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो घेतले असते तर पेनसिल्व्हेनिया आलं असतं आणि पेनसिल्व्हेनिया आलं की निवडणूक खिशात. निकालाच्या रात्रीपासून टीव्हीवरचे पंडित हेच बोलत होते, तिथून ते फॉरवर्ड होत होत आपल्या जर्सी-फिलीच्या मराठी ग्रुपांवर आलं आणि तिथून पुण्यातल्या काकांपर्यंत पोचलं. वाटेत त्याला बाकीचेही दावे चिकटले, शापिरोंना ज्यू म्हणून डावललं, वॉल्झ डिबेट हरले, जॉन्सनने केनेडींना जिंकून दिलं होतं, वगैरे. एकेक करून घेतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही कारण सगळ्यांची तेवढी लायकी नाही.

पहिला आणि मुख्य दावा, पेनसिल्व्हेनिया आलं की निवडणूक आली.

नाही आली. अमेरिकेत प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मतं असतात आणि राज्य जिंकणाऱ्याला बहुतेक ठिकाणी ती सगळी मिळतात. ट्रम्प ३१२, हॅरिस २२६, जिंकायला लागतात २७०. पेनसिल्व्हेनियाची इलेक्टोरल मतं १९. २२६ आणि १९ किती? २४५. अजून २५ कमीच. मिशिगनची १५ आणि विस्कॉन्सिनची १० धरली तर बरोब्बर २७० होतात, म्हणजे शापिरोंनी एक नाही, तीन राज्यं खेचून आणायला हवी होती आणि त्यातली दोन त्यांची नव्हेत. हे सांगितलं की पुढचा माणूस लगेच म्हणतो की अहो एक फिरलं की शेजारची पण फिरतात. फिरतात, पण ती देशभरच्या वाऱ्याने फिरतात, गव्हर्नरच्या पत्त्याने नाही. विस्कॉन्सिनमधल्या शेतकऱ्याला पेनसिल्व्हेनियाच्या राजधानीत, हॅरिसबर्गमध्ये कोण बसतो याचं काय पडलंय? आणि वारा कुठल्या दिशेने होता ते बघा ना, २०२०च्या तुलनेत पन्नासच्या पन्नास राज्यं ट्रम्पकडे सरकली. न्यू जर्सी बायडनना साधारण १६ टक्क्यांनी मिळालं होतं, हॅरिसना जेमतेम ६ टक्क्यांनी. न्यू जर्सीत काय वॉल्झ आवडले नाहीत म्हणून झालं का हे?

दुसरा दावा, शापिरो त्यांच्या राज्यात इतके लोकप्रिय की लोकांनी त्यांच्याकडे बघून मत दिलं असतं.

लोकप्रिय आहेत, वादच नाही. २०२२मध्ये जवळपास १५ टक्क्यांनी निवडून आले. पण समोर कोण होतं हे कोणी सांगत नाही, समोर होते डग मास्ट्रियानो, ज्यांना स्वतःच्या पक्षातले लोकसुद्धा लांबून नमस्कार करत होते. आणि समजा ती सगळी पुण्याई शापिरोंचीच धरली, तरी गव्हर्नरला दिलेलं मत उचलून अध्यक्षाच्या खात्यात टाकता येतं का, हा खरा प्रश्न आहे. तर येत नाही, आणि त्याचा पुरावा लांब शोधायला नको, त्याच निवडणुकीत, त्याच दिवशी पडलेला आहे. नॉर्थ कॅरोलायनात डेमोक्रॅट जॉश स्टाइन गव्हर्नर म्हणून १५ टक्क्यांच्या आसपास फरकाने जिंकले, आणि त्याच मतपत्रिकेवर हॅरिस ३ टक्क्यांनी हरल्या. ॲरिझोनात रुबेन गायेगो सिनेटला जिंकले, हॅरिस साडेपाच टक्क्यांनी हरल्या. म्हणजे लाखो लोकांनी शांतपणे एका ओळीत डेमोक्रॅट आणि दुसऱ्या ओळीत ट्रम्प असं केलं. त्यांना नीट कळतं की आपण कुठल्या खुर्चीसाठी कोणाला बसवतोय.

पेनसिल्व्हेनियातच बघायचं तर बॉब केसी बघा. वडील गव्हर्नर, स्वतः २००७पासून सिनेटर, राज्यात केसी हे नाव माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. ते हॅरिसपेक्षा बरे लढले हे मान्य, पण तरी डेव्ह मकॉर्मिक यांच्याकडून १५ हजारांच्या आसपास मतांनी पडलेच. मग ज्याचं स्वतःचं नाव स्वतःच्या जागेसाठी मतपत्रिकेवर होतं तो त्या वाऱ्यात टिकला नाही, तर दोन नंबरच्या नावाने हॅरिसचा १ लाख २० हजार मतांचा खड्डा कसा भरणार होता?

आणि हे लोक असं बोलतात जणू शापिरोंना तीन महिने कोठडीत ठेवलं होतं. ६ ऑगस्टला फिलाडेल्फियात टेम्पल युनिव्हर्सिटीच्या सभागृहात वॉल्झ यांची ओळख करून देणारी जी पहिली सभा झाली ना, त्यात सगळ्यात जोरदार भाषण शापिरोंचंच होतं, लोक अक्षरशः त्यांच्या नावाने ओरडत होते. त्यानंतरही ते राज्यभर हॅरिससाठी फिरले. त्यांच्या माँटगोमेरी काउंटीला (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) लागूनच बक्स काउंटी, तिथे २०२२मध्ये त्यांनी मास्ट्रियानोंचा धुव्वा उडवला होता, आणि २०२४मध्ये तीच काउंटी अगदी केसाच्या फरकाने का होईना ट्रम्पकडे गेली. तिथल्या माणसाला शापिरो आवडतात, शापिरो हॅरिसना मत द्या म्हणतायत हे त्याने ऐकलं, आणि तरी त्याने ट्रम्पला दिलं. आता तेच शापिरो पोस्टरवर हॅरिसच्या बाजूला उभे असते तर थोडा फरक पडला असता, अर्धा टक्का म्हणा, फार उदार होऊन एक टक्का म्हणा. पेनसिल्व्हेनियातला फरक होता १.७ टक्क्यांचा.

मला वाटतं आपली मंडळी यात जास्त फसतात कारण आपण उपाध्यक्ष म्हटलं की उपमुख्यमंत्री बघतो. आपल्याकडचा उपमुख्यमंत्री स्वतःचा पक्ष, स्वतःचे आमदार, स्वतःचा जिल्हा घेऊन येतो, तो उठून गेला तर सरकार हलतं. अमेरिकेत मतपत्रिकेवर दोघांचं मिळून एकच खूण करायची जागा असते, उपाध्यक्षाला वेगळं मतच नाही, आणि तो बरोबर काही घेऊन येत नाही.

हे बघायला सगळ्यात चांगलं उदाहरण वॉल्झ स्वतःच आहेत, गंमत म्हणजे ते कोणीच काढत नाही. मिनेसोटा बायडननी ७.१ टक्क्यांनी जिंकलं होतं, हॅरिसनी घरचा गव्हर्नर बरोबर असताना ४.२ने. म्हणजे साधारण ३ टक्के घसरण. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये, जिथे घरचं कोणी नव्हतं, घसरण दीड टक्का. एवढंच नाही, वॉल्झ जिथे शाळेत शिकवायचे ते मॅनकेटो ज्या ब्लू अर्थ काउंटीत येतं ती काउंटीसुद्धा ट्रम्पकडे गेली. आता बोला.

तिसरा दावा, इतिहास सांगतो की रनिंग मेट, म्हणजे उपाध्यक्षपदाचा जोडीदार, राज्य आणून देतो, लिंडन जॉन्सन आठवा.

बरं, आठवूया. १९६०मध्ये केनेडींनी टेक्सासचे जॉन्सन घेतले आणि टेक्सास ४६ हजारांच्या फरकाने जिंकलं. त्याआधी दोनदा टेक्सास रिपब्लिकन आयझेनहॉवरकडे गेलेलं, त्यामुळे जॉन्सनचा उपयोग झाला असं म्हणायला जागा आहे, मी नाही म्हणत नाही. पण केनेडींची एकूण मतं ३०३, तेव्हा लागायची २६९, आणि टेक्सासची होती २४. वजा करा, २७९ उरतात. एकटं टेक्सास गेलं असतं तरी केनेडीच अध्यक्ष झाले असते. म्हणजे ज्या एका उदाहरणावर हा सगळा डोलारा उभा आहे ते पण नीट उभं राहत नाही.

आणि त्याच टेक्सासचं दुसरं उदाहरण सोयीस्करपणे गाळतात. १९८८, डेमोक्रॅट मायकल ड्युकाकिस, बरोबर टेक्सासचे सिनेटर लॉइड बेन्ट्सन. टेक्सासात जॉन्सनच्या वेळेपासून असा कायदा होता की एक माणूस एकाच दिवशी सिनेट आणि उपाध्यक्षपद दोन्ही लढवू शकतो, तर बेन्ट्सन दोन्ही लढले. सिनेटची जागा ५९ टक्के मतं घेऊन जिंकले. आणि त्याच दिवशी, त्याच टेक्सासात, त्याच मतदारांनी ड्युकाकिस-बेन्ट्सन जोडीला १२ टक्क्यांहून जास्त फरकाने पाडलं. समोरचे रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश पण टेक्सासचे होते हे खरं, पण तोच तर मुद्दा झाला, लोक वरचं नाव बघतात. एकाच माणसाला एका जागेसाठी डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्या जागेसाठी दारातून परत पाठवलं, याहून स्पष्ट प्रयोग कोणी प्रयोगशाळेत पण करू शकत नाही.

बाकीचे पटापट. २००४ला जॉन केरींनी नॉर्थ कॅरोलायनाचे एडवर्ड्स घेतले, नॉर्थ कॅरोलायना हरले. २०१२ला रॉम्नींनी विस्कॉन्सिनचे पॉल रायन घेतले, विस्कॉन्सिन हरले. २०१६ला हिलरींनी व्हर्जिनियाचे टिम केन घेतले, व्हर्जिनिया मिळालं, निवडणूक गेली. उलट जिंकणाऱ्यांचे उपाध्यक्ष बघा, चेनी वायोमिंगचे, बायडन डेलावेअरचे, पेन्स इंडियानाचे, हॅरिस कॅलिफोर्नियाच्या, व्हान्स ओहायोचे. त्या त्या वर्षी यातलं एकही राज्य चुरशीचं म्हणून ओवाळून घेण्यासारखं नव्हतं. क्रिस्टोफर डिव्हाइन आणि काइल कॉप्को या दोन राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी शंभरहून जास्त वर्षांचे निकाल तपासलेत आणि त्यांचं म्हणणं असं की घरच्या राज्याचा फायदा सरासरीने जवळपास शून्य. त्यांच्या मते रनिंग मेटचा परिणाम होतो तो आडवळणाने, म्हणजे त्याच्यावरून लोक मुख्य उमेदवाराची पारख करतात, हा माणूस निर्णय कसे घेतो वगैरे. हे मला पटतं. म्हणून तर २००८ला जॉन मकेननी नवख्या सारा पेलिन निवडल्या तेव्हा मकेनच्या अनुभवाच्या गप्पांवर लोक हसायला लागले.

चौथा दावा, वॉल्झ डिबेटमध्ये व्हान्ससमोर ढेपाळले म्हणून हरले.

ढेपाळले हे खरं. १ ऑक्टोबरच्या डिबेटमध्ये १९८९मध्ये चीनमध्ये तिआनमेन चौकातली निदर्शनं चालू असताना मी हाँगकाँगमध्ये होतो या त्यांच्या जुन्या दाव्यावर प्रश्न आला तर सरळ उत्तर द्यायच्या ऐवजी मी जरा येडचापच आहे असं काहीतरी म्हणून गेले, बघवत नव्हतं. तरी सीबीएस वाहिनीने लगेच बघणाऱ्यांना विचारलं तेव्हा व्हान्स ४२, वॉल्झ ४१. बरोबरीच. आणि उपाध्यक्षांच्या डिबेटने निवडणूक फिरत असती तर १९८८ला बेन्ट्सननी डॅन क्वेल यांना 'तुम्ही काही जॅक केनेडी नाही' असं सुनावलं तेव्हाच फिरायला पाहिजे होती, त्याच्यापेक्षा जबरी टोला त्या स्टेजवर आजवर कोणी मारलेला नाही. त्यानंतर काय झालं? बुश-क्वेल ४० राज्यं जिंकले. आणि एक विसरू नका, प्रचारभर सर्व्हेंमध्ये व्हान्सपेक्षा वॉल्झच लोकांना जास्त पसंत होते. ज्याचा जोडीदार जास्त आवडता तो जिंकतो असं असतं तर निकाल उलटा लागला असता. खुद्द ट्रम्पच जुलैच्या शेवटी शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांच्या कार्यक्रमात म्हणाले होते की उपाध्यक्षाने निवडणुकीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. बिचाऱ्या व्हान्सना जोडीदार म्हणून निवडून तेव्हा जेमतेम सोळा दिवस झाले होते.

पाचवा, ज्यू म्हणून डावललं.

याला मी हसण्यावारी नेणार नाही, कारण गाझावरून शापिरोंच्या विरोधात डाव्या गटांनी जी मोहीम चालवली होती ती काही ठिकाणी घाणेरडी होती, बाकीच्या इच्छुकांची भूमिका पण साधारण तशीच असताना एकट्या शापिरोंच्याच मागे लागले होते. पण हॅरिसच्या निर्णयाचं तेच कारण होतं असं छातीठोक म्हणणं अवघड आहे. त्यांचे यजमान डग एम्हॉफ ज्यू आहेत. २०२५च्या सप्टेंबरात आलेल्या आठवणींमध्ये हॅरिस म्हणतात की शापिरोंना दुय्यम भूमिकेत समाधान वाटेल का अशी शंका होती, आणि खरं तर पहिली पसंती बायडन सरकारातले परिवहन मंत्री पीट बुटिजेज होते पण ते समलिंगी असल्याने ती जोखीम फार मोठी वाटली. शापिरोंच्या बाजूने हे सगळं नाकारलं गेलंय, ते स्वाभाविक आहे. कोण खरं ते तुम्ही ठरवा, मला एवढंच दिसतं की नंबर दोनसाठी मुलाखत घेताना नंबर एकला धास्ती वाटत असेल तर ती जोडी तीन महिने तरी गुण्यागोविंदाने नांदली असती का? आणि समजा घेतलं असतं, तर मिशिगनात, जिथे डिअरबॉर्नमध्ये अरब-अमेरिकन मतदार आधीच बायडन सरकारवर भडकलेले होते, तिथे काही मतं अजून गेली असती. एकट्या डिअरबॉर्नने मिशिगन गेलं असंही नाही, फरक ८० हजारांचा होता, पण वरच्या बेरजेत मिशिगनशिवाय २७० होतच नाहीत हे लक्षात घ्या.

शेवटचा जो असतो तो दावा नसतो, सुस्कारा असतो. मग कशाने हरल्या? सगळ्यांना माहितीय, २०२२च्या जूनमध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता, नंतर तो उतरला पण अंड्यांचे आणि घरभाड्याचे आकडे लोकांच्या डोक्यातून उतरले नाहीत. २०२४मध्येच ब्रिटनमध्ये सत्ताधारी हुजूर पक्ष साफ झाला, जपानमध्ये सत्ताधाऱ्यांचं बहुमत गेलं, तिथे कुठे कोणी वॉल्झ निवडला होता? हॅरिसना प्रचाराला १०७ दिवस मिळाले आणि त्यात एकच काम प्रामुख्याने करायचं होतं, बायडनपेक्षा मी वेगळी कशी ते सांगायचं. ८ ऑक्टोबरला एबीसी वाहिनीच्या 'द व्ह्यू' या गप्पांच्या कार्यक्रमात अगदी मैत्रीच्या सुरात, सोप्यात सोपा चेंडू टाकावा तसं विचारलं गेलं, की गेल्या चार वर्षांत तुम्ही बायडनपेक्षा काय वेगळं केलं असतं. त्या म्हणाल्या, असं काही चटकन मनात येत नाहीये. ट्रम्पच्या प्रचारवाल्यांनी ती क्लिप उचलली आणि जाहिरातीत टाकून वाजव वाजव वाजवली, आणि त्या क्लिपमध्ये ना वॉल्झ होते ना शापिरो.