उजव्या चाकाचं म्हणणं

आमच्या घरात गाडी उभी करण्याचे दोन पंथ आहेत. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पंथ दगडाचा. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, मागच्या चाकाखाली जांभ्याचा तुकडा सरकवायचा आणि घरात येऊन हात धुवायचे. माझा पंथ हँडब्रेकचा. रत्नागिरीत आमचं घर चढावर, दारातली जागाही उतरती, त्यामुळे या विषयात कुणाला तटस्थ राहायची सोय नाही. बायको तेवढी राहते, कारण ती रिक्षाने जाते.

पावसाळ्यात अण्णांच्या पंथाला जोर चढतो. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्राची खारी हवा. हँडब्रेक ओढून गाडी दोन दिवस भिजत राहिली की मागच्या ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला, आतून गंजाचा पातळ थर धरतो आणि लायनर, म्हणजे ब्रेकचं घासणारं अस्तर, त्याला चिकटून बसतात. सकाळी क्लच सोडला की मागून ‘टक्क’ होतं आणि गाडी निघते. हा टक्क अण्णांना ओटीवर बसून स्पष्ट ऐकू येतो. टीव्हीवरच्या बातम्या मात्र शेजाऱ्यांना ऐकू गेल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाहीत.

यंदा टक्कही झालं नाही आणि गाडीही धड निघेना. म्हणजे निघायची, पण नाखुशीने. साळवी स्टॉपपर्यंत जायला नेहमीपेक्षा जास्त रेस द्यावी लागे, आणि उतारावर न्यूट्रल केली तर ती आपणहून वेग घ्यायच्या ऐवजी विचारात पडे. अॅव्हरेज उतरलं. ते उतरल्याचं मी एकदाच कुंपणाशी बोललो आणि शेजारच्या काकांनी निदान जाहीर केलं.

“ई-20! दुसरं काय?”

काकांचं सध्या सगळं ई-20 पाशी येऊन थांबतं. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं, ही बातमी त्यांनी जितकी मनावर घेतली तितकी त्यांच्या गाडीनेही घेतलेली नाही. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते, अॅव्हरेज थोडं पडतं, हे खरंच आहे. त्यांचं चुकतं ते ‘थोडं’ या शब्दापाशी. शिवाय इथेनॉल चारही चाकांना समान न्याय देतं. आमच्या गाडीत अन्याय एकाच कोपऱ्यात चालला होता, हे पुढे कळलं.

ते कळलं वासावरून. पावसला मठात जाऊन परत येत होतो. भाट्याचा पूल ओलांडल्यावर बायको म्हणाली, “अहो, काहीतरी जळतंय.” मी म्हटलं, बाहेर कुणीतरी कचरा पेटवलाय. ती म्हणाली, “धो-धो पावसात?” मुद्दा बिनतोड होता. मग तो वास कसला यावर चर्चा झाली. तिच्या मते वायर, माझ्या मते क्लच, आणि मागे बसलेल्या अण्णांच्या मते हँडब्रेक. अण्णांनी गेली काही वर्षं घरातल्या प्रत्येक बिघाडाला हँडब्रेक हेच कारण दिलेलं आहे, फ्रीज धरून, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही.

तरी मी समोर बघितलं. हँडब्रेकचा लाल दिवा बंद होता. इथे या दिव्याबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत. हा दिवा लागतो तो लिव्हरच्या बुडाशी असलेल्या एका छोट्या स्विचमुळे. लिव्हर वर, दिवा चालू. लिव्हर खाली, दिवा बंद. मागे चाकात काय चाललंय याची त्या स्विचला सुतराम कल्पना नसते. चाक आवळलेलं असो, सुटलेलं असो, जळत असो, साहेबांची खुर्ची खाली गेली की ऑफिस बंद. (ब्रेक ऑइल कमी झालं तरी बऱ्याच गाड्यांत हाच दिवा लागतो, म्हणजे त्याच्याकडे अतिरिक्त कार्यभारही आहे.)

घरी पोचल्यावर पाऊस थांबला होता. मी खाली उतरून चारही चाकांच्या रिमजवळ एकेक करून हाताची पालथी बाजू नेली. पुढची दोन्ही कोमट. ते ठीकच, ब्रेकचं बरंचसं काम पुढची चाकंच करतात. मागचं डावं जेमतेम ऊन. मागच्या उजव्याजवळ हात नेला आणि लगेच परत आणला. वास तिथूनच येत होता. खात्रीसाठी आतून तांब्यात पाणी आणलं, बोटं बुडवली आणि मधल्या भागावर दोन थेंब उडवले. चर्रर्र करून उडून गेले. मी पुन्हा उडवले. तेवढ्यात रस्त्याने जाणारे एक गृहस्थ थांबले, चाकासमोर उकिडवा बसलेला मी, हातात तांब्या, हे त्यांनी नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, “दसऱ्याला वेळ आहे अजून.”

मागून अण्णा बादली भरून घेऊन येत होते. ती त्यांच्या हातून काढून घेण्यात माझी बरीच शक्ती गेली. तापलेल्या ओतीव लोखंडाच्या ड्रमवर गार पाणी ओतलं तर तो वाकडा होऊ शकतो, तडकू शकतो, हे त्यांना पटेना. “गाडी तापली की पाणी ओततात,” हा त्यांचा सिद्धांत, आणि तो त्यांच्या काळच्या रेडिएटरवर बेतलेला होता.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मेहुण्याला फोन केला. त्याचं उत्तर ठरलेलं: “सर्व्हिस सेंटरला टाक.” टाकली. तिथे थंडगार खोलीत कॉफी मिळते आणि काचेतून आपली गाडी दिसते, जवळ मात्र जाता येत नाही. तासाभराने टॅबलेट हातात घेतलेला एक हसतमुख तरुण आला. मागचे दोन्ही ड्रम, दोन्हीकडचे ब्रेक शू (लायनर यांच्यावरच असतात), दोन्ही व्हील सिलिंडर (पायाचा ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलच्या जोरावर शू ढकलणारे), दोन्ही केबल, उजवं बेरिंग, आणि वर ब्रेक स्वच्छता पॅकेज. आकडा पाच अंकी.

मी विचारलं, “पण झालंय काय?”

“सर, हे सगळं बदललं की प्रॉब्लेम राहणारच नाही.”

“ते बरोबर, पण यातलं नक्की काय बिघडलंय?”

तो क्षणभर थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “सर, सेफ्टी आयटम आहे.”

या वाक्यापुढे माणूस हरतो. मी त्या तरुणाला दोष देत नाही. त्याला भाग विकायला बसवलंय, शोध लावायला नाही. पण घरातलं कुणी आजारी पडलं तर आपण घरच नवं घ्यायला निघत नाही. मला काय बिघडलंय ते कळायला हवं होतं. ही खोड आहे, आणि तिच्यापायी मी गाडी तशीच, हळूहळू, थांबत थांबत मेस्त्रींकडे नेली.

मेस्त्री कमी बोलतात. त्यांच्याकडे कॉफी मिळत नाही, पण पत्र्याखाली स्टूल मिळतं आणि तिथून सगळं दिसतं. मी सगळी हकिकत सांगायला सुरुवात केली तर म्हणाले, “साहेब, बघू दे तरी.”

पोऱ्याने पुढच्या चाकांना दगड लावले (अण्णा हवे होते), गाडी मागून जॅकवर चढली, हँडब्रेक खाली. मेस्त्रींनी डावं चाक हाताने फिरवलं. किंचित घासत दोन-तीन गिरक्या घेऊन थांबलं. उजवं फिरवायला दोन्ही हात लागले, आणि सोडल्याबरोबर तिथेच उभं. मग त्यांनी ते वर-खाली धरून हलवून बघितलं. खेळ नाही, खरखर नाही.

“बेरिंग बरी आहे.”

एक ओळ कमी झाली. मी मनातल्या मनात टॅबलेटवर रेघ मारली.

मग ते आत बसले, हँडब्रेकचं कव्हर उचकटलं आणि खालचा नट पान्याने ढिला केला. या नटापासून एक सळई मागे जाते, तिथे एक छोटी पट्टी असते, आणि पट्टीच्या दोन टोकांना दोन चाकांच्या दोन केबल. पट्टी तिरकी होऊ शकते, म्हणजे ओढ दोन्हीकडे सारखी वाटली जाते. नट ढिला झाला तशी डावी केबल लोंबली. उजवं चाक होतं तिथेच, आवळलेलं.

आता मला वाटलं, केबल निर्दोष, म्हणजे दोष ब्रेकच्या तेलाचा. मी तसं बोललोही. मेस्त्रींनी माझ्याकडे न बघता चाकामागचं निपल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर सोडायचं तोंड, पान्याने उघडलं. ब्रेक ऑइलचं प्रेशर आत अडकलं असतं तर चिळकांडी उडून चाक मोकळं झालं असतं. दोन थेंब आले. चाक तसंच.

“तेलाचं नाय.”

सिलिंडरच्या ओळीवर रेघ.

ड्रम काढायला वेळ लागला. आतून शूंनी धरून ठेवलेला, त्यामुळे हातोडीने चहूबाजूंनी ठोकत, जरा पेनिट्रेटिंग ऑइल मारत, पोऱ्याला दोन शिव्या देत तो शेवटी निघाला. आत काळी भुकटी, लायनर तापून चकाकलेले, ड्रमला निळसर डाग. शूच्या मागे हँडब्रेकचा एक आडवा हात असतो. केबल त्याला ओढते, तो दोन्ही शू बाहेर ढकलतो. लिव्हर खाली घेतली की स्प्रिंगने तो मागे जायला हवा. हा गेलेला नव्हता, अर्ध्यावर थांबला होता. मेस्त्रींनी टॉमीच्या टोकाने त्याला केबलमधून सोडवला आणि ‘खट्’ करून दोन्ही शू आत बसले.

मग त्यांनी पक्कडीने केबलची तार ओढली. आली. सोडली. परत गेली नाही. पुन्हा आत ढकलायला बघितलं, तर तार वाकली, पण आत सरकली नाही. ते गाडीखाली गेले आणि आतूनच हाक मारली. मी गोणपाटावर आडवा झालो. मागच्या आर्मजवळ, जिथे केबल पत्र्याच्या क्लिपमधून जाते, तिथे वर्षानुवर्षं घासून बाहेरचं काळं प्लॅस्टिक नखभर फाटलं होतं. त्या चिरेतून पाणी आत गेलं होतं, आणि खारं पाणी एकदा आत शिरलं की सायकलच्या ब्रेकची तार गंजते तशीच ही गंजते. मेस्त्रींनी बोटाने चीर दाबली तशी तपकिरी भुकटी माझ्या डोळ्यात पडली.

ओढायला माणसाचा हात असतो, त्यामुळे गंजलेली तार ओढली जाते. परत न्यायला फक्त स्प्रिंग असते. तिचं बळ कमी पडतं.

“नवी केबल घाला. दोन्हीकडचे लायनर पण.”

“दोन्हीकडचे का?”

“एका बाजूला नवे, एका बाजूला जुने, तर ब्रेक मारला की गाडी वाकडी जाईल.”

म्हणजे त्या हसतमुख तरुणाच्या यादीतले लायनर बरोबरच होते, हे मान्य करायला हवं. ड्रमला चीर नव्हती. पॉलिश पेपर मारून तोच परत बसला. संध्याकाळी दोन्ही चाकं हाताने फिरवून, हँडब्रेक ओढून-सोडून, परत फिरवून मेस्त्रींनी गाडी खाली उतरवली. बिल टॅबलेटवरच्या आकड्याच्या जवळपासही नव्हतं.

परत येताना उतारावर न्यूट्रल केली. गाडी अशी सुटली की मलाच ब्रेक मारावा लागला.

अण्णांना सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, हँडब्रेक हा शब्द आला की प्रत्येक वेळी मान डोलावली, आणि शेवटी बायकोला म्हणाले, “फ्रीजही एकदा त्यांनाच दाखवा.”

कुंपणाशी काका उभेच होते. मी म्हटलं, “काका, पेट्रोल नव्हे, केबल होती. आत गंज धरलेला.”

काका गंभीर झाले. दोन पावलं पुढे आले.

“गंज? अहो, मग तेच तर म्हणतोय. इथेनॉल पाणी धरतं!”

“काका, पण केबलमध्ये पेट्रोल नसतं.”

“हल्ली कशात काय घालतील, सांगता येतं का?”