झेन मलिकचा पहिला अल्बम आणि ‘बॉयबँडमधलं पोरगं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि मनापासून चिडून लिहिलेली आहे, त्यामुळे नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून सुटका करून घेणं बरं दिसणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘माइंड ऑफ माइन’ या झेन मलिकच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमवर लिहिताना मी त्याच्या आवाजाच्या लगावाबद्दल, म्हणजे सूर लावायच्या आणि आवाज टाकायच्या पद्धतीबद्दल, बोललो, तो शब्दच तुम्हाला खटकला. तुमचं म्हणणं असं की झेनचा आधीचा बॉयबँड वन डायरेक्शन ही टीव्हीवरच्या स्पर्धेत जुळवलेली टोळी. तिच्यातून बाहेर पडलेल्या पोराला निर्मात्याने नवा सूट शिवून दिला, पोरींनी तो डोळे झाकून विकत घेतला, आणि मधे कच्च्या उच्चारांचा एक उर्दू तुकडा टाकून ‘संस्कृती’ची फोडणी दिली. शिवाय हा गडी स्टेजवर उभाही राहू शकत नाही. खरा अल्बम त्याच बँडमधल्या हॅरी स्टाइल्सने केला, तिथे निदान वाद्यं तरी खरी आहेत.

टोळी जुळवलेली होती, यात वादच नाही. २०१० साली ब्रिटनच्या ‘एक्स फॅक्टर’मध्ये पाचही जण एकेकटे आले, एकेकटे मागे पडले आणि मग त्यांना एका ओळीत उभं केलं. स्पर्धेत ते तिसरे आले. पण त्या वेळी सतरा वर्षांचा झेन पहिल्या चाचणीत काय गायला होता? मारिओ या अमेरिकन गायकाचं ‘लेट मी लव्ह यू’. म्हणजे चोख आर अँड बी, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘रिदम अँड ब्लूज’मधून आलेली गायकी. त्यानंतर जवळपास पाच वर्षं त्याच्या वाट्याला आली ती स्टेडियमभर पोरांनी एकसुरात ओरडावं अशी गिटारवाली पॉप गाणी. २५ मार्च २०१५ रोजी त्याने बँड सोडला आणि बरोबर एका वर्षाने, २५ मार्च २०१६ ला, हा अल्बम आला, तो पुन्हा आर अँड बीच घेऊन. तुम्ही ज्याला नवा सूट म्हणता तो बँडच्या आधीपासून त्याच्या अंगावर होता.

आता लगावाबद्दल. मी तो शब्द सहज वापरला नव्हता आणि मागेही घेणार नाही. बॉयबँडचं गाणं कसं बांधतात ते बघा. कडव्याच्या ओळी वाटून दिलेल्या असतात. एकाने दोन ओळी म्हणायच्या, दुसऱ्याने पुढच्या उचलायच्या, धृपदाला सगळे एकत्र, आणि त्या एकत्र आवाजावर स्टुडिओत आणखी थर चढवायचे. दम लागायच्या आत ओळ दुसऱ्याकडे गेलेली असते, त्यामुळे कुणाचा श्वास ऐकू येत नाही. झेनला बहुतेक वेळा मिळायची ती शेवटाकडची उंच जागा. ‘यू अँड आय’मध्ये लांबवलेला वरचा सूर त्याचाच; पुष्कळ चाहते त्या एका जागेसाठी गाणं ऐकायचे. पण तिथे त्याचं काम वर जाऊन टाळी घेऊन परत येण्याचं. गाणं पहिल्या ओळीपासून उभं करायची, सांभाळायची आणि उतरवायची जबाबदारी कुणा एकाची नसायचीच.

‘माइंड ऑफ माइन’वर ती पूर्ण जबाबदारी त्याच्यावर आली आणि त्याने केलं काय, तर टाळीची जागा बहुतेक ठिकाणी सोडून दिली. ‘इट्स यू’ ऐका. लय संथ, ठेक्याचा भार जवळजवळ नाहीच, मागे तंतुवाद्यांचा पातळ पडदा. सगळं गाणं वरच्या पट्टीत फॉल्सेटोत, म्हणजे पातळ केलेल्या चोरट्या आवाजात, चालतं, पण सूर वर गेला तरी जोर वर जात नाही. ज्या आवाजाला पाच वर्षं वर गेलं की दणका द्यायची सवय लावली होती, तो इथे वर जाऊन हळू बोलतो. शब्द सोडताना बारीकशी हरकत, म्हणजे सुरांचं छोटं वळण, घेतो आणि ती पुरी न करताच पुढच्या ओळीवर जातो. ओळींच्या मधे श्वास आहेत, ऐकू येतील असे ठेवलेले. ‘पिलोटॉक’मध्ये उलट आहे. तिथे ढोल कोसळतात आणि आवाजाला त्यांच्यावर चढावंच लागतं. तरी कडवी तो खालच्या, जरा घोगऱ्या जागेत ठेवतो. ‘फूल फॉर यू’ हे पियानोवरचं साधं गाणं आहे, त्यात लपायला जागाच नाही, आणि तिथे तो मला सगळ्यात जास्त आवडतो. एकाच गळ्याची ही तीन वेगवेगळी वागणी आहेत. याला लगाव म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

निर्मात्याचा मुद्दा तुम्ही फार रंगवला आहे. मॅले, म्हणजे जेम्स हो, हा मुख्य निर्माता. फ्रँक ओशन या अमेरिकन आर अँड बी गायकाच्या २०१२ च्या ‘चॅनल ऑरेंज’ या अल्बममध्येही त्याचा मोठा हात होता. इथल्या बऱ्याच गाण्यांवर त्या अल्बमची सावली आहे, मान्य. पण ‘स्वतः एकट्याने लिहिलं नाही म्हणून ते त्याचं नाही’ ही कसोटी बॉयबँडच्याच इतिहासात टिकत नाही. नव्वदच्या दशकातल्या टेक दॅट या ब्रिटिश बॉयबँडमध्ये गाणी लिहिणारा गॅरी बार्लो होता. बँड संपल्यावर सगळ्यांची पैज त्याच्यावर होती आणि १९९७ चा त्याचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलाही. दोन वर्षांनी दुसरा आला तो आपटला आणि कंपनीने त्याला वाऱ्यावर सोडलं. त्याच बँडमधला वात्रट म्हणून ओळखला जाणारा रॉबी विल्यम्स गाय चेंबर्स नावाचा जोडीदार घेऊन बसला. त्याचाही पहिला अल्बम १९९७ चाच. आधी तो मागे पडला होता, मग ‘एंजल्स’ आलं आणि पुढच्या वर्षी अल्बम वर चढत पहिल्या क्रमांकाला पोचला. लिहिता येणं आणि गाणं आपलं करता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे खरं तर आपल्याला सांगायची गरज पडू नये. अरुण दाते पाडगावकरांचे शब्द गायले, खळे आणि देवांच्या चाली गायले. ‘यात दातेंचं काय?’ असं विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

‘पोरींनी विकत घेतला’ यावर फार वेळ घालवत नाही. ‘पिलोटॉक’ आणि अल्बम दोन्ही ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे थेट पहिल्या क्रमांकावर उतरले. पहिल्याच अल्बमने दोन्हीकडे अशी सुरुवात करणारा हा पहिला ब्रिटिश पुरुष गायक. त्यात बँडच्या चाहत्यांचा वाटा असणारच. पण बीटल्सच्या कार्यक्रमांत किंचाळणाऱ्याही सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच होत्या, आणि त्यांचा कान चुकला असं आज कुणी म्हणत नाही.

उर्दू तुकड्यावर मात्र थांबायला हवं, कारण तिथे तुम्ही अन्याय केला आहे. चौदा गाण्यांच्या यादीत तो सातवा आहे, ‘इंटरमिशन: फ्लॉवर’, जेमतेम पावणेदोन मिनिटांचा. गिटार आणि आवाज. प्रेमाचं फूल उमलत नाही तोवर जिवाला चैन नाही, एवढाच आशय. बाजारासाठी टाकलेली गोष्ट कुणी अशी अल्बमच्या पोटात लपवत नाही. ते सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून, कधी आलं नाही. शिवाय बाजार कुठला? २०१६ साली अमेरिकेत आर अँड बी विकायला निघालेल्या, आणि मुसलमान असल्यावरून बँडच्या दिवसांपासून इंटरनेटवर शिव्या खाल्लेल्या मुलाने उर्दूत गाणं हा धंद्याचा हिशेब असेल तर फारच वाईट हिशेब म्हणायला हवा.

उच्चारांबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही. झेन इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डचा. आई इंग्लिश, वडील पाकिस्तानी वंशाचे. तिथल्या लोकरीच्या गिरण्यांत पन्नास-साठच्या दशकांत कामाला आलेल्या माणसांत पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूर भागातले पुष्कळ होते. मंगला धरणात तिथली गावं बुडाल्यावर आणखी आले. त्या शहरात वाढलेल्या, घराबाहेर यॉर्कशरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलाचं उर्दू लखनौसारखं कसं लागेल? न्यू जर्सीच्या गणेशोत्सवात आपल्या नातवंडांच्या तोंडून ‘सुखकर्ता’ ऐकलंत, तर त्यातला अमेरिकन ‘र’ तुम्ही ढोंग म्हणून मोजाल का? मला त्या पावणेदोन मिनिटांत कव्वालीकडे झुकणारी, पण कुणा उस्तादाकडे न शिकलेली गळ्याची ओढ ऐकू येते. आणि ती ऐकल्यावर बाकीच्या इंग्रजी गाण्यांतल्या मुरक्या कुठून येतात याचा अंदाज बांधता येतो. सगळ्याच काही अमेरिकेतून आलेल्या नाहीत. हा तुकडा काढला तर अल्बम एका गाण्याने लहान होईल आणि बराच अनोळखी होईल. हा एकदाच केलेला प्रयोग होता असंही नाही. २०२४ मध्ये पाकिस्तानी बँड ‘ऑर’च्या ‘तू है कहाँ’वर तो पुन्हा उर्दूतच गायला.

स्टेजचा टोमणा नसता मारलात तर बरं झालं असतं. जून २०१६ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियममधला कार्यक्रम त्याने ऐनवेळी रद्द केला आणि चिंतारोगामुळे करतोय, हे स्वतः जाहीर लिहिलं. पाच जणांत उभं राहणं आणि एकट्याने उभं राहणं यातला फरक त्याच्याइतका महाग कुणाला पडला नसेल. अल्बमनंतर आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, तो स्वतःच्या दौऱ्यावर निघाला. ‘गाता येत नाही म्हणून आला नाही’ हे तुमचं वाक्य मी तसंच राहू दिलं आहे, काढलेलं नाही; पण ते मला पटलेलं नाही.

अल्बममध्ये खोट आहे आणि ती तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही, याचं नवल वाटतं. चौदा गाणी फार झाली. उत्तरार्धात ‘बॉर्डर्झ’, ‘ट्रुथ’, ‘लूकोझेड’ ही एकाच धुक्यात चालत राहतात, कुठलं कधी संपलं कळत नाही. मोठ्या आवृत्तीत तर गाणी अठरा आहेत. शब्दांची तर बातच नको: शेज, दारू, धूर, पुन्हा शेज. मोकळीक मिळालेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने ती मोकळीक बहुतेक एकाच खोलीत खर्च केली आहे. गाण्यांच्या नावांत मधेच मोठी, मधेच छोटी रोमन अक्षरं टाकायची हौसही त्यातलीच. देवनागरीत ती करता येत नाही हे आपलं भाग्य. मला विचाराल तर दहा गाण्यांत हा अल्बम दुप्पट चांगला झाला असता.

दहा गाण्यांवरून हॅरीकडे येतो, कारण त्याच्या पहिल्या अल्बमात नेमकी दहाच आहेत. तो मे २०१७ चा. ‘खरी वाद्यं’ म्हणालात, ती आहेत. जमेकात जाऊन मंडळींनी ती वाजवली. पण तिथेही जेफ भास्कर नावाचा कसलेला निर्माता होता, गाणी तिथेही सगळ्यांनी मिळून लिहिली आणि सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश रॉकचा पोशाख उघड उघड अंगावर चढवला. ‘साइन ऑफ द टाइम्स’सारखं साडेपाच मिनिटांहून लांब गाणं पहिलं सिंगल म्हणून पुढे करायला छाती लागते, आणि ते गाणं मलाही फार आवडतं. पण मग निर्माता, भागीदारीतलं लेखन आणि उसना पोशाख हे तिन्ही गुन्हे झेनला लागू आणि हॅरीला माफ, असं का? गिटार दिसली की तुम्हाला प्रामाणिकपणा दिसतो आणि कॉम्प्युटरवरचा ठेका ऐकू आला की कारखाना, असा माझा संशय आहे. तसं नसेल तर ‘फूल फॉर यू’ ऐकून पुन्हा लिहा. त्यात ठेकाही खरा आहे आणि पियानोही.