‘आपल्याच पेशी, मग भीती कसली?’

गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे: आपल्याच चरबीतून काढलेल्या मूळ पेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी घडतात त्या) टोचल्या की गुडघे, मधुमेह, पक्षाघात, मुलांची स्वमग्नता सगळे बरे होते, त्याला सरकारची मान्यता आहे, अपाय मुळीच नाही, आणि बाळाच्या नाळेतले रक्त साठवले की जन्माची चिंता मिटली. “बांबोळीच्या सरकारी इस्पितळात खेपा घालण्यापेक्षा हे बरे नव्हे?” असे शेजारच्या काकींनी विचारले.

बरे होण्याची गोष्ट आधी पाहू. रक्ताच्या कर्करोगात किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात रुग्णाची सदोष अस्थिमज्जा औषधांनी नष्ट करून दात्याच्या मूळ पेशी शिरेतून दिल्या, की त्या हाडांत रुजतात आणि निरोगी रक्त तयार करू लागतात; रक्त तयार करणे हेच त्यांचे उपजत काम आहे. या उपचाराचा पाया घालणाऱ्या डॉनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळाले. चरबीतल्या पेशी मेंदूत जाऊन तसेच काही करतात, याला असा पुरावा नाही.

मान्यतेचे म्हणाल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे ठरावीक आजारांतले रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण तेवढे उपचार मानतात. बाकीचा वापर नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) व्हावा, असे त्यांत म्हटले आहे. पुढे गुडघ्याच्या झिजेसाठी एका औषधाला परवानगी मिळाली, हे काकींना सांगायलाच हवे. मात्र ते दात्यांच्या अस्थिमज्जेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून केलेले असते, आपल्या पोटावरची चरबी उपसून नव्हे.

अपाय नाही म्हणता? फ्लोरिडात २०१५ मध्ये तीन वृद्ध स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या गेल्या आणि तिघींची दृष्टी जवळजवळ गेली. पेशी परक्या नव्हत्या. चुकीच्या जागी पडल्या होत्या.

नाळेचा दावा तर लगेच कोसळतो. मुलाला थॅलेसेमिया असेल, तर तोच जनुकीय दोष त्याच्या नाळेतल्या रक्तातही असतो. ते रक्त आजारी भावंडाला जुळले तर उपयोगी पडते, ही गोष्ट वेगळी.

काकींना दर कळवणाऱ्या दवाखान्याकडे मी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागितला. उत्तरात सवलतीची शेवटची तारीख आली.