अण्णांना कुणी विचारलंय का?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच चाललंय. अण्णांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, लिव्हरचा कॅन्सर, सगळीकडं पसरलेला, डॉक्टरनी पोरांना बाहेर बोलवून सांगितलं की आता केमोचा उपयोग नाही. तर ठरलं काय, अण्णांना कळू द्यायचं नाही, कावीळ आहे म्हणायचं, वेळ आली तर व्हेंटिलेटरला लावायचं. मी इथं इंग्लंडमधून एवढंच लिहिलं की त्यांना काय पाहिजे ते विचारा, तर उत्तर आलं, तुमचं तिकडचं इकडं आणू नका, हाय खातील ते.

तिकडचं कसं? आमच्या आजीनं औशाच्या वाड्यात स्वतःच सांगितलं होतं, मला दवाखान्यात नेऊ नका, ओसरीवर ठेवा, गळ्यातली माळ काढू नका. तेव्हा कुणी हाय खाल्ली नाही. आणि सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ लाच लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद, मान्य केलंय, २०२३ मध्ये ते सोपंही केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी बास, मॅजिस्ट्रेटकडं जायचं काम नाही. नोटरी आपल्याला नवा आहे का? याच अण्णांना मागच्या महिन्यात गाडीत घालून तहसीलला नेलं अन् वाटणीच्या कागदावर सही घेतली. जमीन कुणाला ते विचारता येतं, घशात नळी घालू का ते नाही?

इथं लीड्सला मी काम करते त्या केअर होममध्ये जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, रिस्पेक्टचा, म्हणजे तब्येत ढासळली तर काय करायचं त्याचा, फॉर्म घेऊन पेशंटच्याच शेजारी बसतो, छाती दाबायची का, हॉस्पिटलला न्यायचं का, सगळं त्यालाच विचारतो, पुढं दुखणं वाढलं की डिस्ट्रिक्ट नर्स येऊन सिरिंज ड्रायव्हर, म्हणजे कातडीखाली हळूहळू औषध सोडणारा छोटा पंप, लावून जाते. विचारल्यानं खचलेलं माणूस मी क्वचितच बघितलं, बहुतेकांना हलकं वाटतं. हां, फॉर्म नीट भरलेला असतो आणि शेवटी हात धरायला माझ्याशिवाय कुणी नसतं, हेही बघते. अण्णांच्या उशाला रात्रभर लेकी-सुना बसायलेत, ते इथं कुणाच्या नशिबात नाही.

खरं लागलं ते 'तू तिकडची' म्हणलेलं. एक तर लेक म्हणून दिल्या घरची, त्यात परदेशात, मग अण्णांवर माझा हक्क उरला तरी किती? माझा स्वतःचा फॉर्म भरायचा झाला तर शेवटच्या जागेपुढं लीड्स लिहू का औसा, मला ठरवता येत नाही.

पण दादा, माझं राहू दे. लिव्हर पार गेलं की गुंगी चढते, माणसाला बोलता येत नाही. आज ते शुद्धीत आहेत, उद्या सकाळी चहा देताना विचार.