बार काकांचा, पुंगळी माझी

आमच्या आबाकाकांच्या बंदुकीचा बार झाला की वाड्यावरची कुत्री भुंकतात, बागायतीतली डुकरं पळतात आणि मी बॅटरी शोधतो. गेली १५ वर्षं हाच क्रम आहे. फरक एवढाच की डुकरं हल्ली पूर्वीएवढी लांब जात नाहीत. पलीकडच्या बांधावर थांबून आमचं आटपायची वाट बघतात.

आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. काजू, सुपारी, थोड्या केळी. बंदूक पिकाच्या राखणीसाठी, रीतसर परवान्याची, दुनळी, बारा बोअरची. ('बारा म्हणजे काय? नळीच्या मापाच्या शिशाच्या १२ गोळ्या वजनाला एक पौंड!' हे काका घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी सांगतात.) डुकराला मारायची सोय नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याची काळजी घेतलीय, आमच्या केळीच्या कांद्यांची नाही. म्हणून बार हवेत. निवडणूक आली की तोही बंद, कारण बंदूक पोलीस स्टेशनात जमा. आचारसंहिता आम्हाला लागते, डुकरांना नाही.

तर बार काका काढतात. उरलेलं काम माझं.

साध्या बंदुकीत उडालेल्या काडतुसाची पुंगळी बोटांनी ओढून काढावी लागते. काकांची बंदूक इजेक्टरवाली. नळ्या खाली झुकवल्या की पुंगळी खाडकन काकांच्या खांद्यावरून मागे भिरकावली जाते. ही युक्ती काढणारा कुणी साहेब असावा, आणि त्याच्या मागे पुंगळ्या वेचायला एक माणूस उभा असावा. काकांच्या मागे मी असतो.

एप्रिलच्या रात्री काजूखाली लाल रंगाची पुंगळी शोधून बघा एकदा. खाली वाळक्या पानांचा घोटाभर थर, आणि त्यावर पडलेली बोंडं. तीही लाल. हात घालावा तर पचकन आत जातो. पानांत काही सळसळलं की पुंगळी राहते बाजूला, आपण फुरशाच्या विचाराने एका पायावर उभे. डोळ्यांचा उपयोग नसतो, नाकाचाच असतो. एकीकडून बोंडं आंबल्याचा वास, दुसरीकडून जळक्या दारूचा. दोन्ही दारूच, पण काका हिशेब एकीचाच ठेवतात.

हिशेबाला शाळेची दोनशे पानी वही आहे. रकाने चार: तारीख, बार, पुंगळी, शेरा. 'उद्या कुणी विचारलं, एवढी काडतुसं घेतलीत, त्यांचं केलंत काय, तर?' १५ वर्षांत कुणी विचारलेलं नाही. पण न विचारणाऱ्यांची भीती जास्त असते. एकदा एक पुंगळी ओढ्यात गेली. पाऊस ओतत होता, मी गुडघाभर पाण्यात. शेऱ्यात नोंद आहे: 'वाहून गेली. साक्षीदार: पुतण्या.' खाली माझी सही.

हा छंद आमच्या रक्तातच असावा, कारण माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, टेक्सासात जाऊन हेच करतो. तो तिथे नेमबाजी करतो आणि उडालेली काडतुसं घरी पुन्हा भरतो. तिकडे त्याला मुभा आहे. मी एकदा गेलो होतो तेव्हा मला तो रेंजवर घेऊन गेला. त्याच्या उजव्या हाताला उभा राहिलो, ही माझी चूक. त्याचं पिस्तूल आपोआप पुंगळ्या उजवीकडे फेकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिलीच पुंगळी माझ्या कॉलरवरून शर्टाच्या आत. नुकती उडालेली पुंगळी चांगलीच तापलेली असते. आमच्याकडे शिगम्याला कमरेला लाकडी घोडे बांधून घोडेमोडणी नाचतात. मी ती त्या दिवशी घोड्याशिवाय नाचलो. दादा म्हणाला, 'नाच, पण ती पायाखाली चेपू नकोस.'

नंतर स्वतःचं घर, दोन गाड्या असलेला हा माणूस जमिनीवर ओणवा होऊन लोकांनी टाकलेल्या पुंगळ्यासुद्धा वेचत होता. त्याचं गणित सोपं. काडतुसात चार गोष्टी: पितळी पुंगळी, बुडाची टोपी, दारू आणि गोळी. तीन जातात, एक परत येते. पितळ ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. बार होताना फुगून नळीला घट्ट चिकटतं, धूर मागे येऊ देत नाही, आणि लगेच किंचित आक्रसून सुटतं. मग दादा ते साच्यात दाबून मापावर आणतो, जुनी टोपी ठोकून काढतो, नवी बसवतो. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. तिथेही उचलायला मीच होतो.

गेल्या चवथीला दादा गावी आला आणि काकांनी गोठ्याच्या माळ्यावरून बिस्किटांचा डबा काढला. आत आजोबांच्या पुंगळ्या. अख्ख्या पितळेच्या, काळ्याहिरव्या पडलेल्या. वहीप्रमाणे २४. आजोबा त्या घरीच भरायचे: केप (म्हणजे बुडाची टोपी), दारू, पुठ्ठ्याची चकती, छर्रे, वर पुन्हा चकती. दादाचे डोळे चमकले. काकांनी ताबडतोब बजावलं, 'परवाना बंदुकीचा आहे रे, काडतुसं बनवायचा नाही. बघायचं आणि ठेवायचं.'

निदान स्वच्छ तरी करू, म्हणून दादा सुरू झाला. तिकडे अक्रोडाच्या कवचाचा भुगा भरलेल्या यंत्रात पुंगळ्या तासन्‌तास घुसळतात. 'इथे काजूच्या टरफलांचा भुगा चालेल का?' असं त्याने विचारलं आणि काकू हसून खांबाला टेकली. 'चालेल की. पुंगळीबरोबर हाताची सालंही निघतील.' काजूच्या टरफलातलं तेल काय करतं हे टेक्सासात विसरायला होत असेल. मग तिने समया, तांब्या, निरांजनं घासायला भिजवलेल्या कोकमाच्या सोलांतच डबा उपडा केला. मिठाची चिमूट, नारळाची शेंडी. अर्ध्या तासात पुंगळ्या अशा झळकल्या की काकांना त्यांच्यात स्वतःचं नाक दिसलं.

आणि तेव्हाच त्या चिरा दिसल्या. तीन पुंगळ्यांच्या तोंडापासून खाली केसाएवढी बारीक रेघ. नखाला जेमतेम लागणारी. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी उचलताना आपटल्या असणार! आजोबांच्या काळात मी जन्मलोही नव्हतो, पण संशयाला तारीख लागत नाही.

वाचवलं दादाने. इंग्रजांच्या फौजेलाही हिंदुस्थानात हाच ताप झाला होता म्हणे. पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. दर पावसाळी मोसमात, म्हणून नावच पडलं सीझन क्रॅकिंग. कारण १९२१मध्ये उलगडलं. पितळ ओढून घडवताना त्यात ताण राहतो, आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत त्याच ताणावर काम करतो. म्हणूनच दादा अमोनियावालं पॉलिशही पितळाला लावत नाही.

आम्ही सगळ्यांनी एकदम माळ्याकडे बघितलं. माळ्याखाली आमच्या तीन गायी शांतपणे रवंथ करत होत्या.

'म्हणजे गायीने फोडल्या?' काकू म्हणाली. काकांनी वही काढली, पेन उघडलं, आणि शेरा काय लिहावा यावर बराच वेळ थांबले. गायीची सही घेता येत नाही.

शेवटी पुंगळ्या मोजून डब्यात भरायला घेतल्या. २३. पुन्हा मोजल्या. २३. मग मी सोलांचं पाणी हाताने ढवळलं, न्हाणीघराची मोरी तपासली, नारळाच्या शेंड्या पिंजल्या, समया उलट्या करून झटकल्या. बाहेर गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायचं काम खोळंबलं, आणि मी पोफळीखाली बॅटरी घेऊन, दिवसाढवळ्या.

संध्याकाळी आरतीला उभे राहिलो तेव्हा दादाने मला कोपराने ढोसलं. गणपतीच्या उजव्या हाताला, निरांजनाशेजारी, लखलखीत पितळेचं उदबत्तीचं घर. आत काठोकाठ तांदूळ, त्यात खोवलेल्या पाच उदबत्त्या. धूर सरळ वर.

'काकू!' मी आरतीच्या मध्येच ओरडलो.

'ओरडतोस कशाला? मापाची होती, घेतली,' काकू टाळ्या न थांबवता म्हणाली.

आरती संपली. काकांनी देवाला हात जोडले, वही उघडली आणि चश्मा सावरून लिहिलं: 'एकूण २४. पैकी १ भरलेली.'